दोन वळणं जुळवायची तर आधी बेअरिंग मोजा

या वेळी राऊटरवरचे, म्हणजे फिरत्या पात्यानं लाकूड कापणाऱ्या हातातल्या यंत्रावरचे प्रश्न इतके आलेत की बाकी सगळे विषय पुढच्या अंकात ढकललेत. आणि त्यातलेही बरेचसे फिरून फिरून एकाच जागी येतात, टेम्प्लेट, म्हणजे आकाराचा नमुना, लावून वळण छान कापलं पण समोरचा तुकडा त्याला बसत नाही. म्हणून पहिल्या प्रश्नालाच जास्त जागा दिलीय, बाकीचे भराभर.

प्रश्न: एक गडद आणि एक फिकट अशा दोन फळ्या एस आकाराच्या वळणावर एकमेकींना चिकटवायच्या आहेत. एमडीएफचं टेम्प्लेट केलं, दोन्ही फळ्या शेजारी शेजारी ठेवून मधून ६ मिमीचं सरळ बिट (राऊटरचं पातं) बेअरिंगसकट, म्हणजे टेम्प्लेटला टेकून घरंगळणाऱ्या रिंगेसकट, एकदाच फिरवलं, म्हणजे दोन्ही कडा एकाच वेळी कापल्या जातील. पण जोडताना वळणावर फट राहते, सरळ भागात नाही. जास्त चांगल्या प्रतीचं बिट घ्यावं का?

उत्तर: नको, बिटचा काही दोष नाही, ते त्याचं काम नीट करतंय.

६ मिमी बिट मधून गेलं की ६ मिमी लाकडाचा भुसा होतो हे तर दिसतंच, पण पटकन लक्षात येत नाही ते हे की उरलेल्या दोन कडा एकसारख्या नसतात. त्या समांतर असतात. आणि समांतर म्हणजे जुळणाऱ्या नव्हे. धावण्याच्या ट्रॅकवर आतली लेन आणि बाहेरची लेन समांतरच असतात ना, पण आतली रेघ उचलून बाहेरचीवर ठेवली तर वळणावर बसेल का? तसंच हे.

आकड्यात बघू. समजा वळणाची त्रिज्या ६०० मिमी आहे, म्हणजे तसं सावकाशच वळण, आणि त्यातला ४०० मिमी लांबीचा तुकडा घेतला. एका फळीची कड ६०० त्रिज्येची, समोरचीची ६०६. फुगीर कड खोलगट कडेत बसवली की मधे टेकते आणि दोन्ही टोकांना साधारण ०.३६ मिमी फट. मऊ लाकूड असेल तर क्लॅम्प आवळून ती खपून जाते, म्हणून बऱ्याच जणांना वाटतं की ही पद्धत चालते. १२ मिमी बिट वापरलं तर तीच फट ०.७ मिमी, आता क्लॅम्पच्या आवाक्याबाहेर. आणि वळण आवळत जाल तसं प्रकरण हाताबाहेरच जातं, त्रिज्या १०० मिमी आणि तुकडा फक्त १२० मिमी घेतला तरी ६ मिमी बिटनं १.४ मिमी फट येते. तुमचं वळण एस आकाराचं, एकदा इकडे एकदा तिकडे, त्यामुळे फळी सरकवून कुठंतरी बसेल ही आशाही सोडा.

मग उपाय काय? दोन कडा दोन वेगवेगळ्या फेऱ्यांत कापायच्या, आणि दोन फेऱ्यांत बेअरिंग वेगळं लावायचं, असं की दोन्ही वेळा हवी ती कड मूळ टेम्प्लेटपासून बरोबर तेवढ्याच अंतरावर पडेल. सगळी किल्ली इथं आहे. बेअरिंग टेम्प्लेटला घासत जातं तेव्हा बिटची टेम्प्लेटकडची बाजू टेम्प्लेटपासून किती लांब कापते? बेअरिंगच्या व्यासातून बिटचा व्यास वजा करा आणि निम्मं करा. आणि बिटची पलीकडची बाजू? दोन्ही व्यासांची बेरीज करा आणि निम्मं करा. पहिल्या फेरीत आपण टेम्प्लेटखालचा तुकडा ठेवणार, म्हणजे वजाबाकीवाली कड. दुसऱ्या फेरीत पलीकडचा तुकडा ठेवणार, म्हणजे बेरजेवाली कड. ही दोन अंतरं सारखी आली की झालं. दोन्ही फेऱ्यांना बिट तेच असेल तर याचा सरळ अर्थ, मोठं बेअरिंग छोट्यापेक्षा बिटच्या व्यासाच्या दुप्पट मोठं हवं.

प्रत्यक्षात अशी जोडी सापडते का? सापडते. बिट घ्या ६ मिमी धारेचं पण ८ मिमी दांड्याचं. छोटं बेअरिंग एमआर १२८, त्याचं भोक ८ आणि बाहेरचा व्यास १२. मोठं बेअरिंग ६२८, भोक ८, बाहेरचा व्यास २४. फरक १२, बिटची दुप्पट १२. मोठ्या बेअरिंगनं जवळची कड ९ मिमीवर, छोट्यानं लांबची कड ९ मिमीवर. (सगळीकडे सहज मिळणारं ६०८ इथं चालत नाही, ते २२ चं आहे, त्याच्या जोडीला १० चं लागेल आणि ८ मिमीच्या दांड्यावर १० चं बेअरिंग कसं बसवणार, रिंगा आणि गोळ्या १ मिमीत कोंबायच्या का.) बेअरिंगऐवजी गाईड बुश, म्हणजे बिटभोवती बसणारी आणि टेम्प्लेटला टेकणारी नळी, वापरत असाल तर मात्र १० आणि २२ ची जोडी ६ मिमी बिटसोबत मस्त चालते, तिथं कड ८ मिमीवर येते. एका लाकडात दुसरं जडवायला इनले किट म्हणून जे मिळतं त्यातही हेच गणित भरलेलं असतं, ५/१६ इंची बुश, त्यावर चढणारी ९/१६ इंची कॉलर आणि १/८ इंची बिट, फरक काढून बघा, बरोबर बिटच्या दुप्पट येतो.

बुश की बेअरिंग असं विचाराल तर मी बेअरिंग म्हणेन. बुश राऊटरच्या बेसला बसतो आणि बिट मोटरला, दोघांचा मध्य जरासा जरी हललेला असेल तर राऊटर हातात फिरेल तसं अंतर बदलत राहतं. बुशच वापरायचा असेल तर बेसवर एक खूण करून ती पूर्ण फेरीत एकाच दिशेला ठेवा. बेअरिंग बिटच्याच दांड्यावर असल्यामुळे ही भानगडच नाही.

आता क्रम. ही सगळी कापाकापी महागड्या लाकडावर करू नका, ६ किंवा ९ मिमी एमडीएफवर करा आणि त्यातून दोन टेम्प्लेट बनवा, एक अ आणि एक ब. मूळ टेम्प्लेट मात्र १२ मिमी जाडीचं घ्या कारण ६२८ ची रुंदीच ८ मिमी आहे आणि ते पूर्ण टेकायला हवं. मूळ टेम्प्लेट दोन बाजूंनी चिकटणाऱ्या टेपनं एमडीएफवर बसवा, खाली एक फालतू फळी, २-३ मिमी खोलीच्या फेऱ्या घ्या. राऊटर पुढे ढकलताना टेम्प्लेट कायम डाव्या हाताला ठेवा, मग बिट स्वतःच टेम्प्लेटकडे ओढलं जातं, उजव्या हाताला ठेवलंत तर ते पळून जाईल आणि जिथं पळेल तिथं कायमचा खड्डा. दोन्ही टेम्प्लेट तयार झाले की एकमेकांना लावून उजेडासमोर धरा. उजेड दिसत नसेल तर मग खऱ्या फळ्या करवतीनं रेघेच्या बाहेर दीड-दोन मिमी ठेवून कापा आणि गडद फळी अ वरून, फिकट फळी ब वरून साध्या फ्लश ट्रिम बिटनं साफ करा, म्हणजे ज्याचं बेअरिंग आणि धार एकाच व्यासाची असते त्या बिटनं.

दोन गोष्टी अजून. मूळ टेम्प्लेटवर आत वळलेला भाग असेल त्याची त्रिज्या १२ मिमीपेक्षा जास्तच हवी, नाहीतर २४ चं बेअरिंग त्यात शिरणारच नाही आणि तिथं आकार बदलेल. आणि कापून झाल्यावर कडांना सँडपेपर लावायचा मोह आवरा. सगळं गणित दशांश मिमीचं आहे आणि हातानं घासलेली कड कुठं किती गेली हे कुणालाच कळत नाही. कड खडबडीत आली असेल तर टेम्प्लेटवरून पुन्हा एक हलकी फेरी घ्या.

प्रश्न: नवीन १२ मिमी फ्लश ट्रिम बिट आहे, बेअरिंग खराब झालं म्हणून दुसरं टाकलं. तेव्हापासून टेम्प्लेटच्या कडेला फळी सपाट येत नाही, बारीक पायरी राहते. बोटाला लागते, डोळ्याला फारशी दिसत नाही.

उत्तर: व्हर्निअरनं बेअरिंग मोजा, माझा अंदाज १२.७ येईल. म्हणजे अर्धा इंच. बिट मेट्रिक आणि बेअरिंग इंची अशी खिचडी झाली की ०.७ चा निम्मा, ०.३५ मिमीची पायरी राहते, आणि तुम्ही सांगताय ती तीच असणार. उलटं झालं, म्हणजे अर्धा इंची बिटला १२ चं बेअरिंग, तर तेवढंच बिट टेम्प्लेटच्या रेघेच्या आत शिरतं, ते जास्त वाईट कारण लाकूड परत लावता येत नाही.

बेअरिंग घेताना नुसतं "अर्धा इंची द्या" म्हणू नका, नंबर सांगा. इंची बिटच्या टोकाला बहुतेक वेळा ३/१६ भोकाचं, १/२ व्यासाचं बेअरिंग असतं, त्याचा नंबर आर ३. पाव इंची दांड्यावर चढणारं १/२ व्यासाचं असतं ते आर १८८. ८ मिमी दांड्याला १२ चं हवं असेल तर वर सांगितलेलं एमआर १२८. नंबरापुढे झेडझेड असेल तर दोन्ही बाजूंना पत्र्याची झाकणं, टूआरएस असेल तर रबरी. भुश्शात काम आहे, उघडं बेअरिंग घेऊच नका.

हाच घोळ कॉलेटच्या, म्हणजे बिटचा दांडा धरणाऱ्या पकडीच्या बाबतीतही होतो आणि तिथं तो धोक्याचा आहे. ६ मिमीचा दांडा पाव इंची म्हणजे ६.३५ च्या कॉलेटमध्ये आवळून आवळून बसवला तरी तो नीट धरलेला नसतो, काम करताना हळूहळू बाहेर सरकतो. १२ आणि १२.७ तसंच. दांडा पूर्ण तळाला टेकवून मग २-३ मिमी वर ओढून आवळायचा.

आणि एक, बिटला धार लावून आणली असेल तर धारेचा व्यास थोडा कमी होतो, बेअरिंग तेवढंच राहतं, परत पायरी. फ्लश ट्रिमची धार घरी लावायची असेल तर फक्त सपाट तोंडावर डायमंडची पट्टी दोन-चार वेळा फिरवा, बाहेरच्या गोल बाजूला हात लावू नका.

प्रश्न: फ्लश ट्रिम बिट वरच्या बेअरिंगचं घ्यावं की खालच्या? दोन्ही प्रकारात अमुकच चांगलं असं ठामपणे कुणी सांगत नाही. माझ्याकडे एस वळणावर अर्धा भाग गुळगुळीत येतो आणि अर्ध्यात ढलपे उडतात.

उत्तर: ठामपणे सांगत नाहीत कारण तुमच्या दुसऱ्या वाक्यातच उत्तर आहे, दोन्ही लागतात.

लाकडाची नस सरळ जाते आणि तुमची कड वळते, त्यामुळे वळणाच्या एका भागात बिट नस दाबत जातं आणि दुसऱ्या भागात नसेत घुसून ती उपटतं. नियम असा की जिथं फळी रुंद आहे तिथून जिथं अरुंद होते तिकडं कापत जायचं. फुगीर भागात टेकाडावरून दोन्हीकडं खाली, खोलगट भागात दोन्ही टोकांकडून मधल्या खळग्याकडं. पण राऊटर तर एकाच दिशेनं चालवायचा असतो, उलटा चालवला की हातातून सुटायला बघतो, म्हणजे अर्धं वळण कायम चुकीच्या दिशेनं येणारच.

म्हणून फळी उलटी करायची. हातातल्या राऊटरला टेम्प्लेट वर असेल तर बेअरिंग दांड्याकडं हवं, टेम्प्लेट खाली असेल तर टोकाला. फळी टेम्प्लेटसकट पालथी केली की तोच भाग उलट दिशेनं कापला जातो. दोन्ही टोकांना बेअरिंग असलेलं बिट मिळतं, एस वळणासाठी एकच बिट घ्यायचं असेल तर माझं मत त्याला, कारण टेम्प्लेट न काढता फळी पालथी करून बिटची खोली बदलली की काम सुरू. दोन वेगळी बिटं असतील तरी चालेल, फक्त बदलताना कंटाळा येतो आणि मग माणूस म्हणतो की जाऊ दे, एवढ्या भागाला काय होतंय, आणि तिथंच ढलपा उडतो.

स्पायरल, म्हणजे पीळदार धारेच्या, फ्लश ट्रिम बिटनं ढलपे बरेच कमी होतात हे खरं, त्यातही कॉम्प्रेशन प्रकारात वरच्या आणि खालच्या दोन्ही कडा आत दाबल्या जातात म्हणून प्लायसाठी उत्तम. पण नसेच्या विरुद्ध ३ मिमी लाकूड एकदम काढायला गेलात तर तेही उपटणारच. आधी करवतीनं जवळ आणा.

प्रश्न: टेम्प्लेटच्या कडेला बेअरिंगचा काळा पट्टा उमटतो, काही ठिकाणी एमडीएफ दबल्यासारखं होतं. बेअरिंग नवीनच आहे.

उत्तर: बेअरिंग अडकतंय. बाहेरची रिंग टेम्प्लेटवरून सावकाश, तुमच्या हाताच्या वेगानं घरंगळली पाहिजे, ती दांड्याबरोबर २०,००० फेऱ्यांनी फिरायला लागली की घासून जाळणार. प्लग काढा, बिट बोटांत धरून बाहेरची रिंग फिरवून बघा.

नवीन असूनही अडकायचं नेहमीचं कारण म्हणजे बेअरिंग जागेवर धरणारी वरची लॉक कॉलर. कॉलर रुंद असेल तर ती आतल्या रिंगऐवजी बाहेरच्या रिंगला दाबते. एमआर १२८ सारख्या बारीक बेअरिंगात तर आतली रिंग जेमतेम कडेएवढी दिसते, त्यामुळे मधे फक्त आतल्या रिंगला टेकेल अशी पातळ वॉशर टाका. दुसरं कारण राळ. बिट साफ करताना बेअरिंग काढून ठेवत जा, थिनरमध्ये अख्खं बुडवलं की आतलं ग्रीस धुऊन जातं आणि मग ते थोड्याच दिवसात खडखडायला लागतं. कॉम्प्रेसरच्या हवेनं बेअरिंग गरागरा फिरवायची काहींना मजा वाटते, नका करू.

दबलेल्या कडेवर पातळ सायनोॲक्रिलेट ग्लू, म्हणजे ते झटपट चिकटणारं, मुरवून वाळू द्या, एमडीएफची कड चांगली टणक होते. टेम्प्लेटला पोकळ्या असलेलं साधं प्लाय वापरत असाल तर मात्र ते टाका, बेअरिंग पोकळीत बसकण मारतं आणि तो खड्डा हुबेहूब फळीवर उतरतो.

प्रश्न: ५० मिमी जाड लाकडाला फ्लश करायचंय. ६ मिमी दांड्याचं लांब बिट चालेल का? आणि वेग किती?

उत्तर: चालेल म्हणजे फिरेल. पण वाकेल, आणि वाकलं की खालची कड टेम्प्लेटशी जुळणार नाही. दांडा दुप्पट जाड झाला की त्याचा ताठपणा १६ पट होतो, ६ आणि १२ मधला फरक एवढा मोठा आहे. ८ चा दांडासुद्धा ६ च्या तिप्पट ताठ. इतक्या जाडीला १२ किंवा १२.७ चाच दांडा, आणि तोही दोन टप्प्यांत, आधी आखूड बिटनं वरचे २५ मिमी टेम्प्लेटवरून, मग टेम्प्लेट काढून बेअरिंग त्या कापलेल्या लाकडावरच टेकवून खालचं.

वेगाचं म्हणाल तर २५ मिमी व्यासापर्यंतची बिटं मिनिटाला २४,००० फेऱ्यांपर्यंत चालतात, ५० च्या आसपासची १८,००० च्या वर नेऊ नका, ७५ च्या पुढे १२,०००. बिटवर कमाल वेग छापलेला असेल तर तोच अंतिम. १२ मिमी बिटची कड २४,००० ला सेकंदाला १५ मीटर जाते आणि ५० मिमी बिटची त्याच वेगाला ६३ मीटर, म्हणजे मोठ्या बिटला डायल खाली आणणं का गरजेचं ते कळेल. लाकूड जळत असेल तर आधी हात थांबतोय का ते बघा, बहुतेक वेळा वळणाच्या टोकाला आपण नकळत रेंगाळतो.

प्रश्न: माझ्याकडे एकच फ्लश ट्रिम बिट आहे, बेअरिंगच्या जोड्या वगैरे काही नाही. जुळणारं दुसरं टेम्प्लेट करता येईल का?

उत्तर: येईल, राऊटर न वापरता. पहिल्या टेम्प्लेटच्या कडेला गुळगुळीत पॅकिंग टेप ताणून चिकटवा, सुरकुती नको. समोर दुसरा एमडीएफचा तुकडा साधारण तसाच वळणदार कापून ५-६ मिमी अंतर सोडून सपाट फळीवर स्क्रूनं बसवा, फळीवरही टेप. मधल्या फटीत गाड्यांच्या डेंटिंगला वापरतात ती दोन भागांची पुटी नीट दाबून भरा, हवेचे बुडबुडे राहू देऊ नका. घट्ट झाल्यावर पहिलं टेम्प्लेट ओढून काढलं की दुसऱ्याच्या कडेला त्याचा तंतोतंत उलटा साचा. चूक फक्त टेपच्या जाडीएवढी. पुटीच्या कडेवर बेअरिंग चालतं, पण राऊटर हलक्या हातानं दाबा, आणि बारीक टोकाच्या जागी कड तुटली तर तेवढ्यापुरती परत भरता येते.